सावित्रीतली मगर, समुद्रावरची ‘मगर’

पोलादपूरहून महाडला उतरणाऱ्या सावित्रीच्या गाळात ऊन खात पडलेली मगर इथली पोरंही ओळखतात. नौदलाची पहिली ‘मगर’ही तशीच किनाऱ्याला पोट टेकवायची. तोंडाचे दरवाजे उघडले की रणगाडे थेट वाळूवर!

मूळचं हे ब्रिटिश जहाज 1949मध्ये भारताकडे आलं. 1971च्या युद्धात ते पूर्वेच्या ताफ्यात होतं.

त्याच ताफ्यातली ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ ही जहाजं डिसेंबरात गोरखा जवानांना घेऊन कॉक्स बझारला निघाली. पाकिस्तानी सैन्याची ब्रह्मदेशाकडे पळण्याची वाट अडवायची होती. पण किनाऱ्याअलीकडेच वाळूचा दांडा आडवा आला, आणि त्याच्यापुढे खोल पाणी. अंगावरच्या ओझ्यासकट उतरलेले दोन जवान बुडाले. समोर शत्रू नव्हताच. त्यांचा जीव पाण्यानं घेतला.