स्वारगेटचें भुयारी स्थानक

पांचगणीला आगगाडी कधींच गेली नाहीं. वाठारच्या स्थानकावर उतरावें आणि तेथून वाईमार्गें टांग्यानें पसरणीचा घाट चढावा, अशी पूर्वींची रीत होती. आज पांचगणीहून निघालेली एस्. टी. घाट उतरून वाईला येते, सुरूरला मोठ्या रस्त्याला लागते, खंबाटकीच्या बोगद्यांतून बाहेर पडते आणि कात्रजचा डोंगर मागें टाकून पुण्यांत स्वारगेटला थांबते. डोंगरावरून आलेल्या प्रवाशाला शहराचा पहिला उंबरठा हाच. ह्या उंबरठ्यापाशीं २९ सप्टेंबर २०२४ रोजीं जमिनीखालचें मेट्रोचें स्थानक खुलें झालें. तें जमिनीखालीं कां, कसें बांधतात आणि त्याचें यश कशावरून ओळखावें, हे प्रश्न जिज्ञासू माणसास पडल्यावांचून राहत नाहींत.

पिंपरी-चिंचवडहून निघणारा हा मार्ग सुमारें १७ किलोमीटर लांब आहे. उत्तरेकडे तो खांबांवरून धांवतो. रेंजहिल्सच्या पुढें मात्र तो भूगर्भांत शिरतो आणि शेवटचे सुमारें सहा किलोमीटर भुयारांतूनच जातो. शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट हीं त्यावरील पांच भुयारी स्थानकें. कसबा म्हणजे पुण्याची जुनी वस्ती. मंडईची दगडी इमारत १८८६ सालची. अशा भागांतील गल्लींत खांब उभारावयाचे, तर दोन्ही बाजूंचीं घरें पाडावीं लागलीं असतीं. शहराचें जुनें अंग न फाडतां त्यांतून नवी शीर न्यावयाची, तर खालीं उतरण्यावांचून गत्यंतर नव्हतें. वाटेंत मुठा नदी आडवी आली. तिच्याही पात्राखालून भुयार काढावें लागलें.

हें काम दोन निरनिराळ्या रीतींनीं होतें. दोन स्थानकांमधील भुयार यंत्र कोरतें. त्याचें तोंड म्हणजे पोलादी दातांची एक प्रचंड चकती. ती फिरत फिरत खडक कुरतडते. मागें काँक्रीटचे वक्र तुकडे जोडून कडें बसवितात, आणि त्या कड्यालाच रेटा देऊन यंत्र पुढें सरकतें. कडें व खडक यांमधली फट लगदा भरून बुजवितात, म्हणजे वरची जमीन खचत नाहीं. पुण्यांतील यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना अशीं येथल्या नद्यांचींच नांवें दिलीं होतीं. जाण्याचें एक व येण्याचें एक अशीं दोन भुयारें असल्यानें एकूण खोदाई सुमारें १२ किलोमीटरांची झाली. ती जून २०२२ मध्यें संपली.

स्थानकाची रीत वेगळी. तेथें जागा मिळेल तर वरूनच खोल खड्डा घेतात, चारी बाजूंस भक्कम भिंती उभारतात आणि आंत मजले बांधतात. वरच्या मजल्यावर तिकिटें, खालच्यावर फलाट. घराचा पाया वरचें ओझें पेलतो. ह्या बांधकामाला मात्र बाजूंची माती आणि झिरपणारें पाणी यांचा रेटाही सदैव पेलावा लागतो. जिल्हा न्यायालयाचें स्थानक तर सुमारें ३३ मीटर, म्हणजे दहा मजली इमारतीच्या उंचीइतकें खोल आहे; सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोंचावा, अशा बेतानें त्याचें छप्पर रचलें आहे.

परंतु उजेडाहूनही मोठी अडचण वाऱ्याची. लंडनमध्यें १८६३ सालीं जगांतील पहिली भुयारी आगगाडी सुरू झाली, तेव्हां तिला वाफेचें इंजिन होतें आणि प्रवासी धुरानें गुदमरत. १८९० सालीं तेथेंच खोल भुयारांत विजेची गाडी आली, तेव्हां कोठें हा प्रवास सुसह्य झाला. धूर गेला तरी उष्णता राहतेच. धांवणारी गाडी आपल्यापुढची हवा दट्ट्यासारखी ढकलीत नेते. ती बाहेर सोडणें, ताजी हवा आंत घेणें आणि आग लागलीच तर धूर प्रवाशांपासून दूर ओढून काढणें, हें काम मोठे पंखे करतात. रस्त्याच्या कडेला दिसणारे जाळीदार चौथरे हीं त्या स्थानकाचीं नाकपुडीं होत.

पुण्याला हें तत्त्व नवें नाहीं. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावाचें पाणी बांधीव भुयारी नळांतून, केवळ उताराच्या बळावर, शनिवारवाड्यापर्यंत आणलें गेलें. वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधलेले होते. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि गाळ काढण्यास माणसाला आंत उतरतां येई. २०१९ सालीं स्वारगेटला मेट्रोसाठीं खोदाई चालू असतां पाणी वाहून नेणारें एक जुनें बांधीव भुयार उघडें पडलें, तेव्हां ही भूमि पूर्वींच पोखरलेली आहे, ह्याची नगरवासीयांस आठवण झाली. आतां स्वारगेटहून कात्रजकडे सुमारें साडेपांच किलोमीटरांच्या भुयारी मार्गाला २०२४ सालीं मंजुरी मिळाली आहे. ज्या दिशेनें एके काळीं पाणी शहरांत आलें, त्या दिशेनें पुढें माणसें येतील.

एवढा खटाटोप ज्याच्यासाठीं, तो प्रवासी खडक किंवा पंखे पाहत नाहीं. त्याच्या एका हातांत पिशवी असते, दुसऱ्या हातांत वृद्ध आईचा हात. घाटाच्या वळणांनीं शिणलेली ती माउली एस्. टी.तून उतरते, तेव्हां तिच्यापुढें प्रश्न एकच असतो: फलाट किती पावलांवर आहे, आणि वाटेंत किती पायऱ्या, किती वाहनें आडवीं येतात? एस्. टी., शहराच्या बसगाड्या आणि मेट्रो यांची सांगड एकाच ठिकाणीं घालावी, ही स्वारगेटच्या योजनेमागची मूळ कल्पना. ती सिद्धीस जाणें सरकत्या जिन्यांच्या संख्येवर अवलंबून नाहीं. छायेची, सपाट आणि सुरक्षित वाट त्या माउलीला मिळते कीं नाहीं, ह्यावर आहे. रिक्षा करावी कीं खालीं उतरावें, ह्याचा निवाडा त्या शेवटच्या दोनशें पावलांतच होतो. यंत्रानें नदीखालून वाट काढली; वरचीं दोनशें पावलें सोपीं करणें हें मात्र माणसांचें काम आहे.