रिंगांचे पडदे, घरच्या घरी

शिंप्याकडे न जाता पडदे करायचे असतील, तर दाबून बसवायच्या प्लॅस्टिकच्या रिंगा सोयीच्या. त्यांना हातोडी लागत नाही. कापडाच्या दोन्ही बाजूंनी दोन चकत्या एकमेकींवर दाबल्या, की 'टक्' आवाज करून घट्ट बसतात.

सुती कापड आधी भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात पडदा आखूड होईल. कापडाची रुंदी दांडीच्या दीडपट ते दुप्पट हवी, तरच चुण्या भरदार पडतात. वरची दुमड 10 सेंमीची ठेवून आत बकरमची पट्टी घाला. ती नसेल तर रिंगांमधलं कापड मान टाकतं. इस्त्री आत्ताच फिरवा, नंतर प्लॅस्टिक वितळायची भीती.

रिंगांची संख्या सम ठेवा, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. दोन रिंगांत साधारण 15 सेंमी अंतर पुरतं. रिंगेच्या आतून पेन्सिलीने गोल आखा आणि रेघेच्या किंचित बाहेरून कापा. भोक फार मोठं झालं, तर रिंगेच्या दातांना धरायला कापडच उरत नाही. म्हणून पहिलं भोक चिंधीवर करून पाहा. 25 मिमीच्या दांडीवर 40 मिमीची रिंग सहज सरकते.