पोरगी हसली कुठं, ते लिहा

सरांच्या मोटारसायकलच्या हँडलला एक कापडी पिशवी अडकवलेली असते. तिच्यात काय काय आहे ते त्यांनी मला चहाच्या टपरीवर काढून दाखवलं. चार रंगांचे खडू, शेवेच्या पुडीचा तेलकट कागद, कापसाच्या बियाण्याचं रिकामं पाकीट, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, यष्टीची दोन-तीन तिकिटं, सरपंचपदाच्या निवडणुकीतलं एक पत्रक. "हे माझं वाचन साहित्य," सर म्हणाले, आणि सगळं परत नीट घडी घालून आत ठेवलं.

सर केंद्रप्रमुख आहेत. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात त्यांच्या केंद्राखाली जिल्हा परिषदेच्या अकरा शाळा येतात. शेजारच्या केंद्राची जागा रिकामी आहे, म्हणून तिथला अतिरिक्त कार्यभारही त्यांच्याच गळ्यात. केंद्रप्रमुख हे पद आलं १९९४ साली. मुख्याध्यापक आणि विस्तार अधिकारी यांच्यामध्ये, रोज शाळेत जाऊन मास्तरांच्या शेजारी बसेल असा एक माणूस हवा, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात हा माणूस माहिती गोळा करण्यात बुडून जातो. आम्ही टपरीवरून उठेपर्यंत त्यांच्या फोनवर 'आजच्या आज' असा शेरा असलेले तीन निरोप येऊन पडले होते. सरांनी ते वाचले, फोन खिशात टाकला आणि गाडीला किक मारली.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. सोयाबीन निघालं होतं, कापूस फुटला होता, आणि रस्त्याकडेला बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. डोंगरातल्या शाळांच्या दृष्टीनं हा वाईट महिना. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजे इथल्या भाषेत 'कोयते', ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात ते उन्हाळा लागल्यावरच परततात. पोरंही बरोबर जातात. पहिल्या सत्रात जे काही वाचायला शिकवलं, ते उसाच्या फडात पाचटाखाली जातं.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. साहेब तपासणीला येणार म्हटलं की आदल्या रात्री आमच्या घरात रंगीत खडूंनी तक्ते व्हायचे आणि कच्च्या पोरांच्या घरी निरोप जायचा: उद्या नाही पाठवलं तरी चालेल. साहेब यायचे, पहिल्या बाकावरच्या पोराकडून कविता ऐकायचे, शेरेबहीत 'प्रगती समाधानकारक' लिहायचे आणि जेवून जायचे. त्यामुळं सरांबरोबर निघताना माझ्या मनात जी शंका होती, ती लपवत नाही. शाळांचा अभिमान असलेला अधिकारी म्हटला की मला तो जेवणारा साहेबच आठवतो.

पहिली शाळा तांड्यावरची. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार इयत्ता. आम्ही पोचलो तेव्हा एका चुणचुणीत मुलीला भाषणासाठी उभं केलेलंच होतं. सरांनी सगळं भाषण ऐकलं, टाळ्या वाजवल्या, तिला नाव विचारलं. मग शिक्षकाकडून हजेरीपट मागून घेतला, डोळे मिटले आणि त्यावर बोट टेकवलं. ज्याचं नाव निघालं तो मागं भिंतीला टेकून शर्टाचं बटण पिळत बसला होता. सर त्याच्याजवळ फरशीवर जाऊन बसले. त्याला पुढं बोलावलं नाही, याची मी नोंद केली.

मुलानं चित्रकार्डं उचलून वाचायला सुरुवात केली. घर. झाड. बैल. तिन्ही बरोबर. चौथ्या कार्डावर बाईचं चित्र आणि खाली 'आई' असं लिहिलेलं. मुलगा म्हणाला, "याडी."

वर्गात दोघं-तिघं फिदीफिदी हसले. शिक्षक ओशाळले. बंजारा घरात आईला याडीच म्हणतात; पोराचं काही चुकलं नव्हतं. पण सरांचा चेहरा मात्र हरवलेली किल्ली सापडावी तसा झाला. त्यांनी चित्रावर हात ठेवला आणि फक्त अक्षरं उघडी ठेवली. मुलगा गप्प. पुन्हा 'घर'चं कार्ड घेतलं, चित्र झाकलं. गप्प. "बघा," सर शिक्षकाला हळू म्हणाले, "हा चित्र वाचायलाय. घर, झाड, बैल बरोबर आलं म्हणून आपण त्याला शब्दाच्या पायरीवर धरलं. याडी म्हणाला नसता तर कळलंच नसतं." मग खडूनं फरशीवर 'याडी' असं लिहिलं आणि मुलाला सांगितलं, हे तुझ्या घरातलं. मुलानं त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवलं. 'डी'पाशी थांबला, परत मागं गेला, परत आला. या कामात वीस मिनिटं गेली. शेरेबहीत लिहिण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

पायऱ्यांची ही भाषा आता सगळीकडे रुळली आहे. 'प्रथम' संस्थेचं असर सर्वेक्षण २००५ पासून गावोगाव मुलांच्या हातात एक कागद देतं: आधी अक्षरं, मग शब्द, मग छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. ग्रामीण भारतात तिसरीतली किती मुलं ती गोष्ट वाचू शकतात? २०१८ मध्ये २७.३ टक्के, कोरोनानंतर २०२२ मध्ये २०.५, आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१. म्हणजे सहा वर्षांत आपण घसरलो, चढलो आणि जवळजवळ तिथंच येऊन उभे राहिलो. सरांना हे आकडे तोंडपाठ आहेत, पण ते त्यावर फार बोलत नाहीत. त्यांची तक्रार वेगळी आहे. छापील उतारा तीनदा वापरला की पोरांना तो पाठ होतो. कागद उलटा धरूनही घडाघडा म्हणणारी पोरं त्यांनी पाहिली आहेत. म्हणून ती पिशवी. शेवेच्या पुडीचा कागद कुणी पाठ केलेला नसतो.

२०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला, तेव्हा सर साधे शिक्षक होते. सातारा तालुक्यातलं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट, त्या वेळी सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं होतं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या बीटमधल्या साध्या सरकारी शाळांत ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः घडवतं हा विचार, उतरवून दाखवला होता, आणि तो बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जात होते. सरही गेले होते. "येताना सगळ्यांनी एकच गोष्ट आणली," ते म्हणाले. "ऑइलपेंट." त्यानंतर दोन-तीन वर्षांत फरश्या रंगल्या, जिने रंगले, खांबांवर बाराखडी चढली. पोराच्या शेजारी बसून तास-तास ऐकायचं, ही जी कुमठ्याची खरी मेहनत, ती मात्र गाडीतून आणता आली नाही. हे बोलताना त्यांनी गाडी इतकी हळू केली की मागून येणारा टेम्पो हॉर्न देऊन पुढं गेला.

दुसरी शाळा वस्तीवरची, पट चौदा. इथं जे पाहिलं त्यासाठी हा लेख लिहितोय.

तिसरीतल्या एका मुलीचं नाव बोटाखाली आलं. सरांनी पिशवी उघडलीच नाही. दाराबाहेर सीताफळाचं झाड होतं, त्याकडे एकदा बघितलं आणि फरशीवर खडूनं लिहिलं:

वाऱ्यानं सीताफळ पडलं. त्याचे डोळे उघडले होते. तरी त्याला खालचा दगड दिसला नाही.

मुलगी पहिल्याच शब्दाला अडली. 'वा' आला, पुढं गाडी थांबली. मराठीतल्या 'र'सारखा बहुरूपी कुणी नाही. 'सर्व'मध्ये तो डोक्यावर बसतो, 'प्रत'मध्ये पायात तिरपा घुसतो, 'ट्रक'खाली छपरासारखा उभा राहतो आणि 'वाऱ्या'त नुसती आडवी नांगी काढतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे इथंच शाळेच्या मागं आहेत त्या. फरक एवढ्या नांगीचा. दऱ्याखोऱ्यांत राहणाऱ्या पोरांना हीच नांगी डसते, याची मला गंमत वाटली. सर काहीही सांगत नव्हते. शिक्षिका पुढं झाल्या, तर त्यांनाही हातानं थांबवलं. मुलगी बाहेर बघत होती. झाडाची पानं हलत होती. "वा... वाऱ्या... वाऱ्यानं!"

पुढचं संथ लयीत आलं. एकेक अक्षर सोडून आता ती अख्खा शब्द उचलत होती. "त्याचे डोळे उघडले होते." इथं तिला काही विशेष वाटलं नाही. सीताफळ पिकायला आलं की त्याचे डोळे उघडतात, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मग शेवटचं वाक्य. "तरी त्याला खालचा... दगड... दिसला नाही."

ती थांबली. पुन्हा मनातल्या मनात वर गेली, ओठ हलले. आणि फिसकन हसली. तोंडावर हात घेऊन, खांदे हलवत. शेजारच्या मुलीनं विचारलं, काय झालं गं? तर तिनं तिला ते वाक्य परत वाचून दाखवलं, या वेळी न अडखळता.

सर उठून उभे राहिले. गुडघे दुखत असणार, कारण खांबाला धरून उठले. "मॅडम, तुमच्या वहीत तारीख टाका," ते शिक्षिकेला म्हणाले. "आणि उतारा, गोष्ट, मिनिटाला किती शब्द, ते सगळं राहू द्या. पोरगी हसली कुठं, ते लिहा. दगडावर हसली. डोळ्यावर हसली असती तर मी समजलो असतो, दुसऱ्याचं बघून हसली."

त्यानंतर दिवसभर त्यांनी ही गोष्ट किती जणांना सांगितली असेल? मी मोजलं. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना, पुढच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना, पंक्चर काढणाऱ्याला, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना फोनवर. साहेबांनी फोन केला होता तो संकलित चाचणीच्या गुणांची माहिती अजून आली नाही म्हणून. सरांनी आधी सीताफळाचा किस्सा पूर्ण केला, मग "हो साहेब, संध्याकाळी पाठवतो" म्हणाले. पंक्चरवाल्यापर्यंत येता-येता मुलगी दोनदा हसली होती आणि वाक्यं चार झाली होती. अभिमान असा फुगतोच. पण मला तो खुपला नाही, कारण त्यात सर स्वतः कुठंच नव्हते. प्रत्येक वेळी गोष्ट मुलीपासून सुरू होऊन शिक्षिकेपाशी संपत होती. या मॅडमनी दोन वर्षं रोज शेवटचा अर्धा तास नुसतं ऐकण्यासाठी ठेवला, फळ्याकडे पाठ करून, हे मला चौथ्या वेळी कळलं.

संध्याकाळी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. हे माझ्यासाठी ठरलेलं नव्हतं. सरांची ही दरवर्षीची फेरी आहे. पोरांना मागं ठेवायचं असेल तर गावातच आजी-आजोबांकडे ठेवून हंगामी वसतिगृहातून जेवण देता येतं. न्यायचंच असेल तर शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेला पोर कुठपर्यंत शिकलंय ते कळतं. दोन्ही सोयी आहेत. दोन्हींच्या आड घरची अडचण आहे.

आई अंगणात कोयत्याला मूठ बसवत होती. मांडीवर वर्षाचं बाळ. सरांनी सीताफळाची गोष्ट पाचव्यांदा सांगितली. आई हसली, मुलीकडे बघून म्हणाली, "वाचती व्हय? घरी तर काई सांगत नाही." मग हसू ओसरलं. "सर, ठेवलं असतं हो. पर आम्ही दोघं फडात गेल्यावर ह्याला कोण बघंल?" तिनं मांडीवरच्या बाळाकडे मान केली. म्हातारी आतून म्हणाली, पोरीचं मी करीन, पण तान्हं मला झेपायचं नाही. म्हणजे नऊ वर्षांची मुलगी तिकडे जाणार होती ती ऊस तोडायला नव्हे, भावाला सांभाळायला. सरांनी वाद घातला नाही. बाळ आजीकडे आणि पोरगीही आजीकडे, शाळेच्या वेळात शेजारच्या मावशी बाळाला बघतील, असं काहीतरी जुळवत राहिले. मावशींना हाक मारून आणली. मावशी म्हणाल्या, दुपारपर्यंत बघीन.

आईनं कोयता बाजूला ठेवला. "बघू," ती म्हणाली. "पाडव्यापर्यंत सांगते."

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. सर निघताना तिनं विचारलं, "सर, उद्या दुसरं लिहणार?" सर म्हणाले, उद्या मी दुसऱ्या शाळेत आहे, मॅडम लिहतील.

परतताना टेकडीवरच्या देवळापाशी गाडी थांबली. खाली कुठंच रेंज नाही, दिवसाची माहिती इथंच बसून भरावी लागते. अंधार पडला होता. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन डोळ्यांजवळ धरला. गुण भरून झाले. मग स्थलांतराचा तक्ता उघडला. प्रत्येक नावापुढं दोन चौकटी: स्थलांतरित होणार, स्थलांतर रोखले. दोन्हींपैकी एक भरल्याशिवाय पुढचं पान येत नव्हतं.

सरांनी अंगठा एकदा या चौकटीवर नेला, एकदा त्या. मग फोन तसाच बंद करून खिशात टाकला. "पाडव्यानंतर भरू," म्हणाले, "ओरडू दे त्यांना," आणि गाडीची चावी कुठल्या खिशात आहे ते शोधू लागले.