स्पेअरसाठी प्लास्टिकचा चेंडू
टेनपिन बोलिंगमध्ये पहिल्या फेकीनंतर उरलेल्या सर्व पिना दुसऱ्या फेकीत पाडणे म्हणजे ‘स्पेअर’, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याला त्यात विशेष छळते ती उजव्या कोपऱ्यातील 10 क्रमांकाची पिन. कारण रिॲक्टिव्ह रेझिनचा चेंडू लेनवरील तेलाचा थर ओलांडताच कोरड्या पृष्ठभागाची पकड घेऊन डावीकडे वळतो. याउलट पॉलिएस्टरचा, म्हणजे प्रचलित भाषेत प्लास्टिकचा, गुळगुळीत चेंडू कमी घर्षणामुळे फाउल रेषेपासून पिनांपर्यंतचे सुमारे 60 फूट जवळजवळ सरळ कापतो, अर्थात मनगट वळवले नाही तरच. तो तेल शोषत नसल्याने प्रत्येक फेकीनंतर मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसणे बहुधा पुरते. मात्र ओरखड्यांनी घर्षण वाढते म्हणून चकाकी टिकवावी लागते, आणि तापलेल्या मोटारीच्या डिकीत ठेवल्यास त्याला तडे जाऊ शकतात.