काळ्या दगडाचा रंग

काळाराम मंदिराचा दगड कोणत्या रंगाचा आहे, असे कोणी विचारले, तर नाशिककर त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहील. मूर्ती काळी, देऊळही काळ्या दगडाचे. यात शंका ती कसली? पण एखाद्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास पंचवटीत जावे आणि हे पूर्वज्ञान घटकाभर बाजूला ठेवून त्या भिंतींकडे पाहावे. कोवळे ऊन जेथे पडले असेल तेथे दगड तांबूस दिसेल. सावलीत तोच निळसर, क्वचित जांभळट वाटेल. भर दुपारी तो करडा होईल. मग यांतला खरा रंग कोणता?

हाच प्रश्न शंभर-दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या काही चित्रकारांना पडला होता. १८७४ साली पॅरिसमध्ये त्यांनी आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्यात क्लोद मोने याचे १८७२ हे साल घातलेले एक लहानसे चित्र होते. ल हाव्र बंदरातली पहाट, धुके, दोन-तीन नावा आणि नारिंगी सूर्य. नाव होते 'इम्प्रेशन, सूर्योदय'. लुई लरॉय या टीकाकाराने त्या नावावरूनच साऱ्या मंडळींची थट्टा केली, आणि थट्टेचे नाव पुढे पंथाचे नाव झाले. 'हे चित्र अर्धवट आहे' हा तेव्हाचा आक्षेप आजही आपल्याकडे प्रदर्शनांतून ऐकू येतो. तो समजून घ्यायचा, तर प्रकाशाचे दोन-तीन साधे नियम पाहिले पाहिजेत.

पहिला नियम सावलीचा. सकाळी सूर्यकिरणांना वातावरणाच्या जाड थरातून यावे लागते. वाटेत निळा प्रकाश अधिक विखुरतो आणि उरलेला तांबूस प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो. सावलीत थेट ऊन नसते, परंतु आकाशाचा उजेड असतो, आणि निरभ्र आकाश निळे असते. म्हणून सावली म्हणजे काळोख नव्हे. तो दुसऱ्या रंगाचा प्रकाश आहे. सावली रंगवताना काळा रंग घेण्याची जुनी सवय या चित्रकारांनी सोडली, ती याच कारणाने.

दुसरा नियम शेजाराचा. शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या सरकारी विणकामशाळेत रंगविभागाचा प्रमुख होता. तिथला काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. तपासाअंती दिसले की दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांत आहे. दोन रंग जवळ आले की एकमेकांचे रूप पालटतात. नारिंगीजवळ निळा अधिक निळा भासतो. हा सिद्धान्त त्याने १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला.

तिसरा नियम समजण्यास पॅरिसला जायला नको, येवल्यापर्यंत गेले तरी पुरे. धूपछाव पैठणीत उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात. रंग भांड्यात कालवलेले नसतात, ते आपल्या डोळ्यांत मिसळतात, आणि म्हणूनच पदर हलला की झळाळतो. मोनेचे तुटक फटकारे काहीसे असेच काम करतात. चित्राला नाक लावून पाहणाऱ्यास डाग दिसतात. चार पावले मागे सरणाऱ्यास पाणी हलताना दिसते.

त्या पहाटेच्या चित्रात आणखी एक गंमत आहे. त्याचे कृष्णधवल छायाचित्र घेतले, तर सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. सूर्याचा रंग आकाशाहून अगदी वेगळा आहे, पण त्याचा उजळपणा भोवतालच्या आकाशाइतकाच आहे. मेंदूचा जो भाग वस्तूची जागा ठरवतो तो उजळपणावर चालतो, रंगावर नाही. त्याला हा सूर्य धड सापडत नाही, म्हणून तो थरथरल्यासारखा वाटतो, असे स्पष्टीकरण मार्गारेट लिव्हिंग्स्टन या शास्त्रज्ञ बाईंनी अलीकडे दिले आहे.

मोनेने पुढे १८९२ ते १८९४ या काळात रूआँ येथील एकाच कॅथीड्रलची तीसहून अधिक चित्रे केली. दगड तोच, प्रहर निराळे. महाराष्ट्रालाही ही दृष्टी परकी नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोटितीर्थाचा परिसर असाच पुनःपुन्हा रंगवला. ती चित्रे पाहताना जाणकारांना इम्प्रेशनिस्टांची आठवण होते. नाशिकच्या शिवाजी तुपे यांनी गोदेचे घाट जलरंगांत उतरवले. जलरंगात तर प्रकाश म्हणजे कोरा ठेवलेला कागद; तो एकदा झाकला की परत मिळत नाही. आणि घाटावरचे ऊन चित्रकारासाठी थांबत नाही. पाव तासात सावली पायरी सोडून जाते. अशा चित्राला 'अर्धवट' म्हणणे म्हणजे घाईने टिपलेल्या खऱ्या साक्षीला अक्षर वाईट म्हणून नाकारण्यासारखे आहे.

प्रश्न केवळ चित्रकारांचा नाही. पान हिरवे, नदी निळी, दगड काळा, हे आपण बालपणीच पाठ करतो, आणि मग जन्मभर डोळे उघडे ठेवूनही पाठांतरच पाहतो. मुलाने चित्रात जांभळी सावली काढली, तर तिच्यावर फुली मारण्याआधी त्याला घेऊन एकदा सकाळी रामकुंडावर जावे. कदाचित चूक आपलीच निघेल.