पूर थांबला, म्हणून चित्र झालं

"नदीले पूर आला म्हणते, चाल पाहाले!" मोर्णा चढली की अकोल्याच्या पुलावर अशी गर्दी होते. वाहत आलेले ओंडके मोजायचे, पाणी किती वाढलं यावर वाद घालायचा, भूक लागली की घरी जायचं. चित्रकार आल्फ्रेड सिसलेही पूर पाहायलाच गेला होता. फक्त तो काठावर कॅनव्हास मांडून बसला.

1876 च्या मार्चमध्ये पॅरिसजवळच्या पोर-मार्ली गावात सीन नदी शिरली. सिसले शेजारच्याच मार्लीत राहत होता. या पुराची त्यानं सहा-सात चित्रं केली. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातलं चित्र पाहा. डावीकडे दारूविक्रेत्याचं घर, रस्ता होता तिथे पाणी, त्यात होड्या, आणि वर भलंमोठं ढगाळ आभाळ. आकांत कुठेच नाही. आडव्या, तुटक फटकाऱ्यांत गढूळ रंगाशेजारी आभाळाचा रंग ठेवलेला. त्यामुळे पाणी मळकट असूनही उजळतं. सिसले 1899 मध्ये गरिबीत गेला. पुढच्याच वर्षी त्याचं पोर-मार्लीच्या पुराचं एक चित्र 43,000 फ्रँकला विकलं गेलं.

आपला पूर असा रंगवता येईल? मला शंका आहे. सीनला उतार कमी. हिवाळ्यातल्या दीर्घ पावसानं ती सावकाश चढते आणि दिवसेंदिवस रेंगाळते. म्हणजे चित्रकाराला रोज त्याच जागी येऊन बसता येतं. पूर्णेला मिळणाऱ्या आपल्या नद्या सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांतून धावत येतात. काळी माती एकदा तुडुंब भिजली की वरचं पाणी आत घेत नाही. सगळा लोंढा नदीत. रात्री चढलेलं पाणी दुपारी ओसरतं, मागे उरतो चिखल. आणि वरूडच्या बाजूला वर्धा ओलांडली की मोवाड लागतं. 30 जुलै 1991 च्या पुरात तिथे दोनशेवर माणसं गेली. त्या पाण्यात आभाळाचं प्रतिबिंब शोधायला कोण बसेल?

तरी कुणाला हौस असेलच, तर बाळापूरला जावं. तिथला किल्ला मन आणि म्हैस नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर आहे. मोठ्या पुरात एक बाजू सोडली तर त्याला पाण्याचा वेढा पडतो. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची दगडी छत्री आहे, पावसात डोक्यावर छप्पर मिळेल. रंग मात्र भराभर लावा.