चंद्र-गुरूचा फोटो: कॅमेरा कोणता घ्यावा?

बचत गटातून मुलांसाठी दुर्बीण घेतली, आता फोटोसाठी महागडा कॅमेराही हवा का? थांबा, आधी आमचं ऐका.

ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या झगमगाटात तारे हरवतात, म्हणून आकाश बघणारी मंडळी वांगणीला जातात. पण चंद्र, गुरू, शनी इतके तेजस्वी की त्यांचे फोटो शहरातल्या गच्चीवरूनही निघतात. मग आपल्या अंगणातून का नाही?

चंद्रासाठी घरातला मोबाईल पुरतो. तो दुर्बिणीच्या नेत्रिकेवर होल्डरनं घट्ट बसवा आणि टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. पौर्णिमेपेक्षा अष्टमीचा चंद्र बरा. सावल्या लांब पडतात, विवरं उठून दिसतात.

ग्रहांचं वेगळं. गुरूची रुंदी चंद्राच्या साधारण चाळिसाव्या भागाएवढीच दिसते. त्यात चुलीवरच्या गरम हवेतून पलीकडचं भांडं थरथरावं, तसा तो थरथरतो. म्हणून व्हिडिओ घेतात आणि हजारो चित्रांतली स्वच्छ तेवढी, तांदूळ निवडावेत तशी निवडून, संगणकावर एकावर एक रचतात. इथे मेगापिक्सेलपेक्षा वेग महत्त्वाचा. नेत्रिकेच्या जागी बसणारा, लॅपटॉपला जोडायचा छोटा ग्रह-कॅमेरा त्यासाठीच असतो. २०२१ मध्ये पुण्याच्या सोळा वर्षांच्या मुलानं अशी ५०,०००हून अधिक चित्रं जुळवून चंद्राचा फोटो तयार केला.

तेव्हा आधी मोबाईलवर हात बसवा, दुर्बिणीला पक्का स्टँड घ्या. कॅमेऱ्याचं नंतर बघू. आणि दुर्बीण सूर्याकडे कधीच वळवू नका, डोळा कायमचा जातो!